कायद्याच्या बांधाबाहेर

१९३५ च्या जुलै-ऑगस्टमध्ये अमेरिकेने कामगारांसाठी दोन मोठे कायदे केले. पहिल्याने संघटना बांधण्याचा आणि मालकाशी एकत्रित बोलणी करण्याचा हक्क दिला. दुसऱ्याने म्हातारपणाचे पेन्शन आणि बेकारभत्ता दिला. १९३८ मध्ये किमान वेतनाचा आणि जादा तासांच्या मोबदल्याचा कायदा आला. तिन्ही कायद्यांनी शेतमजुरांना बाहेर ठेवले. त्यांना वगळणाऱ्या कलमांत काळ्या-गोऱ्याचा उल्लेख कुठेही नाही. तशी गरजही नव्हती. त्या काळातले निम्म्याहून जास्त काळे कामगार एक तर शेतावर राबत होते किंवा दुसऱ्याच्या घरी स्वयंपाक-धुणीभांडी करत होते. घरकामगारांनाही याच कायद्यांनी वाऱ्यावर सोडले होते.

काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन १९३५ मध्येच सिनेटच्या समितीसमोर उभे राहिले. हे पेन्शन म्हणजे चाळणी आहे आणि तिची भोके बहुसंख्य काळे लोक खाली पडतील एवढ्याच मापाची आहेत, असे त्यांनी सुनावले. शेतमजुरांकडून वर्गणी गोळा करणे अवघड होते म्हणून त्यांना वगळले, असे काही इतिहासकार मानतात. दक्षिणेतल्या खासदारांना आपल्याकडची स्वस्त मजुरी हातची जाऊ द्यायची नव्हती, असे बाकीचे म्हणतात. हेतूंचा हा वाद चालू राहील. पण खाली कोण पडणार हे कायदा होण्याआधीच भर समितीत सांगितले गेले होते. त्यानंतर ‘आम्हाला ठाऊक नव्हते’ म्हणायची सोय कोणालाच उरत नाही.

*

उचल म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगावे लागत नाही. अलाबामा राज्यातल्या एका काळ्या मजुराने १९०७ च्या अखेरीस १५ डॉलर उचल घेतली आणि महिना १२ डॉलर पगारावर सालगड्याचा करार केला. महिन्याभराने तो काम सोडून गेला. अलाबामाच्या कायद्यात ही नुसती करारमोडणी नव्हती. उचल घेऊन काम सोडले आणि पैसे परत केले नाहीत, तर फसवणुकीचा इरादा गृहीत धरला जाई. माझ्या मनात तसे नव्हते, अशी साक्ष देण्याचीही आरोपीला मुभा नव्हती. त्याला दंड झाला. दंड भरता येईना, म्हणून सक्तमजुरी आली. थोडक्यात, मालकाचे शेत सोडले की सरकारच्या बेडीत.

१९११ मध्ये ‘बेली विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा रद्द केला, कारण सक्तीची मजुरी राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीला धरून नाही. निकाल चांगला आहे. त्यात न्यायालयाने सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली: आरोपी काळा आहे ही बाब आम्ही विचारात घेत नाही, कारण कायदा वरवर सर्वांना सारखाच लागू आहे. कायदा सर्वांना लागू असला, तरी तो कोणाला पकडण्यासाठी वापरला जातो हे दक्षिणेतल्या प्रत्येक शेतावर माहीत होते. न्यायालयाने नेमका तोच प्रश्न बाजूला ठेवून न्याय दिला.

*

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, ती त्या लोकांनी निग्रोंना दास्यातून मुक्त केले म्हणून. पुण्यात बसून इतक्या लांबचा लढा आपला मानणे, ही आपल्या विचारपरंपरेतली फार मोठी गोष्ट आहे. पुढे काय झाले, तेही त्या अर्पणपत्रिकेशेजारी ठेवून वाचले पाहिजे. १८७७ मध्ये केंद्र सरकारने दक्षिणेतून हात काढून घेतला. जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. मुक्त झालेली माणसे वाट्याने शेती करू लागली. बियाणे, खत, कपडालत्ता, पीठमीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर यायचे आणि हंगामाअखेर हिशेबाची वही मालकच उघडायचा. गुलामगिरी कायद्याने संपली. शेतावरची सत्ता वहीतून आणि काट्यातून चालू राहिली.

*

काट्याची एक हकिगत मुद्दाम लिहून ठेवतो.

काळ्या शेतमजूर फॅनी लू हेमर यांचा जन्म १९१७ चा, वीस भावंडांत त्या सर्वांत धाकट्या. सहाव्या वर्षी कापूस वेचायला लागल्या. पुढे मिसिसिपीतल्या सनफ्लॉवर काउंटीत एका मोठ्या मळ्यावर त्या हजेरी आणि वजनाची नोंद ठेवू लागल्या. वेचलेल्या कापसाच्या पोत्याचे वजन काट्यावर व्हायचे आणि त्यावर मजुरी ठरायची. काट्याचे वजनमाप मालकाचे, आणि ते वेचणाऱ्याचा कापूस कमी भरवणारे. आपल्याकडे याला काटा मारणे म्हणतात. हेमरबाई स्वतःजवळ एक खरे वजन बाळगायच्या. मालकाची पाठ फिरली की त्याचे वजन काढून आपले लावायचे आणि तो परत यायच्या आत बदलायचे. त्या वेळात ज्याचे पोते काट्यावर चढले, त्याला घामाचे पूर्ण दाम मिळाले.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्या मतदार म्हणून नाव नोंदवायला इंडियनोला गावी गेल्या. मालकाने नोंदणीचा अर्ज मागे घ्यायला सांगितले. त्यांनी नकार दिला आणि अठरा वर्षांचे काम व राहते घर त्याच दिवशी गेले. मळ्यावर नोकरी, घर, उधारी आणि मत ही चारही दावी एकाच खुंटीला बांधलेली असत. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी सामुदायिक शेती सुरू केली. आपली भाजी आपण पिकवली आणि दारात डुकरे असली की कोणी उपाशी ठेवून आपल्याला नमवू शकत नाही, असा त्यामागचा हिशेब होता. मला तो कोणत्याही कलमाइतकाच मोलाचा वाटतो.

*

१९४२ मध्ये अमेरिकेने मेक्सिकोशी करार करून हंगामी शेतमजूर आणायला सुरुवात केली. ही ब्रासेरो योजना १९६४ पर्यंत चालली. पण टेक्सासमध्ये मेक्सिकन माणसाला हॉटेलात आणि सलूनमध्ये हाकलून देतात, या कारणाने मेक्सिकोने त्या राज्याला सुरुवातीची काही वर्षे मजूर द्यायचे नाकारले. कापूस उभा आणि वेचायला माणसे नाहीत, अशी वेळ आली तेव्हा टेक्सासच्या विधिमंडळाने १९४३ मध्ये ठराव केला: सर्व ‘कॉकेशियन’ लोकांना सार्वजनिक ठिकाणी समान वागणूक मिळावी. मेक्सिकनांना त्यात गोऱ्यांत धरले. काळे बाहेरच राहिले. ठराव मोडणाऱ्याला शिक्षा कोणतीच नव्हती.

तरीही एक गोष्ट यात घेण्यासारखी आहे. आमच्या मजुरांना नीट वागवत नसाल तर माणसे मिळणार नाहीत, असे मजुरांच्या बाजूचे सरकार ठामपणे म्हणाले, तेव्हा निदान ठराव तरी झाला. पुढे तो ठामपणा उरला नाही. १९५० च्या दशकात सीमेवरच्या केंद्रांवर मजुरांना ओळीत उभे करून त्यांच्या अंगावर डीडीटीची पावडर फवारत. त्याची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात.

*

आखूड दांड्याची कुदळ. दांडा फूट-दीड फुटाचा. कॅलिफोर्नियाच्या सॅलिनास खोऱ्यात लेट्यूसची आणि शुगरबीटची विरळणी तिने करत. रोप दाट उगवलेले असते. एक ठेवायचे, बाजूची काढायची, पाऊलभर सरकायचे. एवढ्याशा दांड्याने हे काम करायचे तर कमरेतून पूर्ण वाकावे लागते आणि सरी संपेपर्यंत वर होता येत नाही. दहा तास. वर्षानुवर्षे. अनेकांची पाठ चाळिशीच्या आत कायमची जाई. लांब दांड्याच्या कुदळीने हेच काम इतर राज्यांत होत होते. मग आखूड का? काम सफाईदार होते, असे मालक सांगत. दुसरे कारण असे की मुकादमाला बांधावरूनच दिसायचे: जो उभा आहे तो काम करत नाही.

या कुदळीखाली वाकलेली माणसे मेक्सिकन आणि फिलिपिनो होती. यांची जातच बुटकी, जमिनीजवळची. यांना वाकणे जमते, असे उघड बोलले जाई. ग्रामीण कायदासाहाय्य संस्थेच्या वकिलांनी डॉक्टरांचे पुरावे जमवून दावा लावला. राज्याच्या सुरक्षा खात्याचे म्हणणे होते की असुरक्षित हत्यार म्हणजे मोडके हत्यार. कुदळ मोडकी नाही. जानेवारी १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. हत्यार धडधाकट असूनही माणसाला मोडत असेल, तर ते असुरक्षितच आहे. त्याच वर्षी ती कुदळ बंद झाली.

या निकालात वर्णाचा मुद्दा नव्हता. तरी अमेरिकेत शेतावरचा वर्णभेद मोडणारा एखादा निकाल सांगा, असे कोणी विचारले, तर मी आधी याचेच नाव घेईन.

*

८ सप्टेंबर १९६५. कॅलिफोर्नियातल्या डेलानो गावच्या द्राक्षमळ्यांवर फिलिपिनो मजुरांनी काम बंद केले. नेते लॅरी इटलियाँग. मागणी तासाला १.४० डॉलरची. मळ्यांवर फिलिपिनोंच्या चाळी वेगळ्या, मेक्सिकनांच्या वेगळ्या. एकांनी संप केला की दुसऱ्यांना आणून तो मोडायचा, ही मालकांची ठरलेली रीत. म्हणून इटलियाँग मेक्सिकन मजुरांचे नेते सेझार चावेझ यांच्याकडे गेले, आणि १६ सप्टेंबरला मेक्सिकन मजूरही संपात उतरले. पाच वर्षे लागली. १९७० मध्ये मालकांनी करारावर सह्या केल्या आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाने शेतमजुरांच्या संघटनेचा हक्क कायद्यात आणला. केंद्राच्या कायद्यात शेतमजूर आजही नाही.

*

वर्ण, धर्म, लिंग, मूळ देश यांवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी घालणारा अमेरिकेचा मुख्य कायदा १९६४ चा. त्यात शेती वगळलेली नाही. मात्र तो लागू होण्यासाठी मालकाकडे किमान १५ नोकर हवेत आणि तेही वर्षातले निदान २० आठवडे. हा आकडा कारखान्याला सहज पेलतो. शेताचे गणित निराळे असते. सहा आठवड्यांच्या तोडणीला ऐंशी माणसे लावायची आणि बाकीचे वर्ष चार-पाच जणांवर काढायचे, अशा मळ्यावर हा कायदा पोचतच नाही. हंगामी मजूर मुकादमाचे की मळेमालकाचे, या वादात आणखी काही निसटतात.

तक्रार करायची मुदत १८० दिवस, बहुतेक राज्यांत ३००. मजूर मात्र तोवर तिसऱ्या राज्यात तिसऱ्या पिकावर गेलेला असतो. पीक-मजुरांपैकी सुमारे ४० टक्क्यांकडे कामाचा कायदेशीर परवाना नाही, आणि केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कायदासाहाय्य संस्थांना १९९६ पासून अशांचे खटले चालवण्यावर कडक बंधने आहेत. हक्क सर्वांना आहे. तो मागायला वकील नाही.

*

अशा वेळी वकील दीडशे वर्षांपूर्वीचे हत्यार बाहेर काढतात. यादवी युद्धानंतर १८६६ मध्ये झालेल्या नागरी हक्क कायद्याप्रमाणे करार करण्याचा हक्क सर्वांना गोऱ्या नागरिकांइतकाच आहे. मळ्यावर नोकर किती, हंगाम किती आठवड्यांचा, असली कोणतीही अट त्यात नाही. नुकत्याच मुक्त झालेल्या शेतमजुरांना डोळ्यांसमोर ठेवून हा कायदा झाला होता. ज्यांच्यासाठी कायदा करायचा ते समोर असले, तर कलमे कशी लिहिली जातात, याचा हा नमुना.

*

पुन्हा मिसिसिपी, पुन्हा सनफ्लॉवर काउंटी. सप्टेंबर २०२१ मध्ये काही काळ्या शेतमजुरांनी तिथल्या एका मळ्यावर दावा लावला. माणसे पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच, ट्रॅक्टर आणि मोठी यंत्रे चालवणारी. मालकाने दक्षिण आफ्रिकेतून गोरे मजूर हंगामी व्हिसावर आणले, नव्यांना काम शिकवायला जुन्यांनाच लावले आणि जुन्यांपेक्षा तासाला जास्त मजुरी नव्यांना दिली, अशी तक्रार होती. दावा तडजोडीने मिटला. केंद्रीय श्रम खात्याने त्या भागातल्या इतर मळ्यांचीही तपासणी केली आणि मजुरीतला फरक वसूल करून दिला.

या व्हिसाचा नियम असा की स्थानिक मजूर मिळत नसतील तरच परदेशी आणायचे, आणि त्याच कामावरच्या स्थानिकांना तोच दर द्यायचा. नियम चांगला होता. त्या भागातल्या काही मळ्यांवर तो पाळला गेला नाही. २०२३ मध्ये या व्हिसावरच्या साडेतीन लाखांहून अधिक जागा मंजूर झाल्या. त्यांतले बहुसंख्य मजूर मेक्सिकोचे. व्हिसा एकाच मालकाशी बांधलेला असतो. मालक सोडला आणि नवा मालक वेळेत मिळाला नाही, की देश सोडायचा. म्हणजे परदेशी मजूर बोलू शकत नाही, आणि तो बोलू शकत नाही म्हणूनच स्थानिकाच्या जागी त्याला पसंती मिळते. दोघांचे हित एकमेकांविरुद्ध आहे असे मालक सांगत राहतात. दोघांना एकच दर आणि तक्रारीची एकच मुभा मिळाली, तर ही भांडणे लावता येणार नाहीत.

*

भेदभाव म्हणजे एखाद्याला काम नाकारणे, अशी आपली समजूत असते. शेतावर बहुतेक वेळा उलट घडते. ग्लोबल होरायझन्स या मजूर पुरवणाऱ्या कंपनीने थायलंडहून शेकडो माणसे हवाई आणि वॉशिंग्टन राज्यांतल्या शेतांवर आणली. भरती-शुल्कापोटी माणसे कर्जात बुडाली होती. पासपोर्ट काढून घेतले होते. नोकरीतल्या भेदभावाविरुद्धच्या केंद्रीय आयोगाने खटला भरला. थाई माणसे मुकाट सोसतील या समजापोटीच त्यांना निवडले, असा निष्कर्ष न्यायालयाने २०१४ मध्ये काढला आणि वर्षअखेर ८७ लाख डॉलरची भरपाई ठरवली.

हा निकाल शेतावरच्या वर्णभेदाचे मर्म सांगतो. विशिष्ट वंशाच्या माणसाला काम देणे, त्याच्या गरिबीवर आणि भित्रेपणाच्या गृहीतकावर भिस्त ठेवून देणे, हाही वर्णभेदच.

*

नोव्हेंबर २०२०, वॉशिंग्टन राज्य. एका मोठ्या दूधधंद्यातले गवळी, बहुतेक लॅटिनो, तिन्ही पाळ्यांत यंत्रावर गाई पिळणारे. जादा तासांचा मोबदला शेतीला लागू नाही, ही सवलत मालकाने पुढे केली. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती सवलत दूधधंद्यापुरती राज्यघटनेविरुद्ध ठरवली. बहुमताने कामातल्या धोक्यांचा आधार घेतला. सहमतीच्या निकालपत्रात मात्र न्यायमूर्ती स्टीव्हन गोन्झालेझ यांनी १९३० च्या दशकातली ती वगळणूक आणि तिच्यामागचा वर्णभेद यांचा इतिहास मांडला. बेलीच्या खटल्यात न्यायालयाने मजुराचा वर्ण विचारात घेणार नाही म्हटले, त्याला शंभरावर वर्षे झाली होती.

*

आपल्या बाजूने एवढेच. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढच्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागवली होती, कारण अस्पृश्यांनाही तो मार्ग धरता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. ही चौकशी आपण चालू ठेवायला हवी. बीडहून कोल्हापूरला निघालेल्या ऊसतोड जोडप्याकडे पाहा. बंजारा, वंजारी, दलित, आणि बहुतेक कोरडवाहू गावांतले. एका कोयत्याची उचल, मुकादमाची वही, कारखान्याचा काटा. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांसाठी होता. राज्यातल्या राज्यात तीनशे-चारशे किलोमीटर जाणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता. जातीचे नाव त्याही कायद्यात कुठे नव्हते.

*

फ्लोरिडातले इमोकाली गाव. टोमॅटोची तोडणी मेक्सिकन, ग्वाटेमालन आणि हैतीयन मजूर करतात. बादली ३२ पौंडांची, तिचा दर ५० सेंटच्या आसपास असे. बादली काठोकाठ भरून चालत नसे. वर शीग लागे. ट्रकवरचा माणूस शीग कमी दिसली की टोकन देत नसे. ते शिगेचे टोमॅटो मजुराने तोडले, वाहिले आणि फुकट दिले. अशा दिवसभरात किती बादल्या!

तिथल्या मजुरांनी १९९३ च्या सुमारास एकत्र यायला सुरुवात केली. मळेमालक दाद देत नाही, तर त्याच्याकडून टोमॅटो घेणाऱ्याला धरायचे, असे त्यांनी ठरवले. टॅको बेल या फास्टफूड कंपनीवर चार वर्षे बहिष्कार चालला. २००५ मध्ये त्या कंपनीने पौंडामागे एक सेंट जादा आणि आचारसंहिता मान्य केली. मग मॅकडोनल्ड्स आणि इतर कंपन्या आल्या, २०१४ मध्ये वॉलमार्ट. आज त्या करारातल्या शेतांवर तक्रारीसाठी चोवीस तास फोन आहे, तपासनीस शेतात येऊन मजुरांशी बोलतात, सावलीची सोय आहे, आणि बादलीवर शीग मागायला मनाई आहे. नियम मोडणाऱ्या मळ्याचा माल मोठे गिऱ्हाईक घेत नाही.

आचारसंहिता लिहायला मजूर स्वतः बसले होते. शिगेची बाब एरवी कोणत्या वकिलाला सुचली असती?

*

या सगळ्या वाचनातून तीन प्रश्न हाती येतात. शेतमजुरीचा कोणताही कायदा, करार किंवा योजना समोर आली की ते विचारावेत. यातून कोणाला वगळले आहे? मजुरी मोजायचा काटा, वही, बादली कोणाच्या हातात आहे? आणि ज्याने आज तक्रार केली, तो उद्या सकाळी कामावर असेल का? भेदभावाला बंदी आहे, एवढे कागदावर वाचून समाधान मानू नये. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे शेतात उभ्या माणसाच्या बाजूने येईपर्यंत तो कायदा शेतापर्यंत पोचलेला नाही, असेच धरून चालावे आणि तो पोचवण्याच्या कामाला लागावे.